सुट्टीत रत्नागिरी फिरताय? थिबाची समाधी, हर्णैचा किल्ला आणि गावातला 'तो' दगड चुकवू नका

मे महिना लागला की मुंबईकर गावी उतरतात. दोन दिवस आंबे, फणस आणि झोप झाली की तिसऱ्या दिवशी गाडी ठरते. गणपतीपुळे, आरे-वारे, वेळ उरला तर मालगुंड आणि परत येताना रत्नागिरीत थिबा पॅलेस. पॅलेससमोर सगळ्या घराचा एक फोटो, आत एक घाईची फेरी आणि मग भाट्याच्या किनाऱ्यावर. "थिबा कोण होता?" असं एखाद्या पोराने विचारलंच, तर "बर्माचा राजा" एवढं उत्तर मिळतं. बर्माचा राजा रत्नागिरीत कशाला आला, हा पुढचा प्रश्न गाडीतच राहतो.

युद्धाचं स्मारक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दिल्लीचं इंडिया गेट येतं. मोठी कमान, नावं कोरलेली, पहाऱ्याला जवान. आपल्या जिल्ह्यातल्या युद्धांच्या खुणा तशा एका जागी पाटी लावून उभ्या नाहीत. कुठे राजवाडा आहे, कुठे समुद्रातला किल्ला, कुठे वस्तीत दडलेली समाधी, तर कुठे शाळेच्या किंवा चावडीच्या भिंतीत बसवलेला संगमरवराचा तुकडा. कोणाचं युद्ध, कोण जिंकलं, कोण परत आलं नाही, हे घरातल्या कोणीतरी सांगितलं तरच त्या जागा बोलतात. नाहीतर सगळीकडे फक्त चिरे आणि कौलं.

या सुट्टीत घरच्यांना घेऊन निघायचं असेल तर वाटेवर काय बघावं आणि पोरांना काय सांगावं, त्याची ही माहिती.

दोन आठवड्यांचं युद्ध, तीस वर्षांची कैद

सुरुवात थिबापासूनच करूया, कारण तिथे सगळेच जातात.

बर्मा म्हणजे आजचा म्यानमार. मंडाले ही त्याची राजधानी. थिबा १८७८ मध्ये गादीवर बसला, तेव्हा तो जेमतेम वीस वर्षांचा होता. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन नावाची मुंबईची कंपनी त्याच्या राज्यातून सागवान काढत असे. ठरल्यापेक्षा जास्त लाकूड काढून पैसे बुडवल्याचा आरोप ठेवून राजाच्या दरबाराने तिला मोठा दंड ठोठावला. इंग्रजांना निमित्त हवंच होतं. नोव्हेंबर १८८५ मध्ये त्यांच्या बोटी इरावती नदीतून वर निघाल्या आणि दोन आठवड्यांत मंडालेपर्यंत पोचल्या. २९ नोव्हेंबरला राजाने शरणागती पत्करली. पुढच्या १ जानेवारीला इंग्रजांनी त्याचं राज्य आपल्या साम्राज्याला जोडून टाकलं.

राजाचं काय करायचं? त्याला त्याच्या देशात ठेवलं तर लोक पुन्हा उठतील, ही भीती. म्हणून आधी मद्रास आणि एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरी. तेव्हा रेल्वे नाही, धड रस्ता नाही, पावसाळ्यात बोटीही बंद. कैदी ठेवायला इतकी सोयीची जागा इंग्रजांना दुसरी मिळाली नसती. याच इंग्रजांनी दिल्लीचा शेवटचा बादशहा बहादुरशहा जफर याला उलट्या दिशेने बर्मातल्या रंगूनला नेऊन ठेवलं होतं. तो १८६२ मध्ये तिथेच गेला. दिल्लीचा बादशहा रंगूनच्या मातीत आणि मंडालेचा राजा रत्नागिरीच्या.

आता पॅलेसची गोष्ट. अनेकांना वाटतं की राजा आयुष्यभर त्या वाड्यात थाटात राहिला. तसं नाही. पॅलेस तयार होऊन राजा तिथे राहायला गेला १९१० मध्ये. त्याआधीची चोवीस वर्षं त्याने सरकारने दिलेल्या बंगल्यांत काढली. स्वतःच्या वाड्यात तो जगला फक्त सहा वर्षं. डिसेंबर १९१६ मध्ये तो वारला. वय ५७. या तीस वर्षांत त्याला परवानगीशिवाय रत्नागिरी सोडता येत नव्हती. सरकारकडून तनखा मिळे, तो पुरत नसे. मंडालेहून आणलेली माणकं एकेक करून विकली गेली.

हे ठाऊक असेल तर पॅलेसच्या मागच्या बाजूने खाडीकडे बघताना वेगळं वाटतं. खाली नदी, पलीकडे हिरवे डोंगर, दूरवर समुद्र. देखावा छानच आहे. पण ज्याला तो तीस वर्षं बघावा लागला, त्याचं घर समुद्रापलीकडे होतं.

पॅलेस बघून झाला की तिथूनच परत फिरू नका. राजाची समाधी शहरात शिवाजीनगर भागात, वस्तीच्या मधोमध आहे. रिक्षावाल्याला "थिबाची समाधी" म्हटलं की पुरे. समाधी राजाची आणि त्याच्या धाकट्या राणीची. ती राणी राजाच्या आधी, १९१२ मध्ये रत्नागिरीतच वारली. तिथे फारशी गर्दी नसते. ज्या राजाच्या वाड्यासमोर रोज शेकडो फोटो निघतात, त्याच्या थडग्याकडे कोणी फिरकत नाही, हे थोडं चमत्कारिकच. म्यानमारचे लोक मात्र येतात. डिसेंबर २०१२ मध्ये त्या देशाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन स्वतः इथे येऊन नतमस्तक झाले होते. २०१६ मध्ये राजाच्या मृत्यूला शंभर वर्षं झाली तेव्हाही तिथले बडे पाहुणे रत्नागिरीत आले होते.

पोरींना सांगण्यासारखी गोष्ट राजकन्येची. राजाला चार मुली. धाकटीचा जन्म तर रत्नागिरीतच झाला. राजा गेल्यावर १९१९ मध्ये राणी आणि मुली बर्मात परतल्या, पण थोरली राजकन्या पुन्हा रत्नागिरीत आली. राजवाड्याच्या चाकरीतल्या गोपाळ सावंत यांच्यावर तिचा जीव जडला होता. त्यांची मुलगी टूटू. ही टूटू पुढे पक्की रत्नागिरीकर झाली, मराठी बोलली, इथेच संसार केला आणि गरिबीत दिवस काढले. राजाची नात म्हणून तिला कधी काही मिळालं नाही. युद्ध दोन आठवड्यांत संपलं होतं, पण त्याचा हिशेब तिसऱ्या पिढीपर्यंत चालला.

जाता जाता एक सूचना. सरकारी संग्रहालयं साधारणपणे सोमवारी बंद असतात. गाडी ठरवण्याआधी एक फोन करून वेळ विचारून घ्या, नाहीतर म्हाताऱ्या माणसांना घेऊन फाटकाबाहेर उभं राहावं लागतं.

टिळकांच्या घरातून मंडाले दिसतं

थिबाची गोष्ट ताजी असतानाच टिळक आळीत जा. लोकमान्यांचा जन्म २३ जुलै १८५६ चा, याच घरात. उतरत्या कौलांचं, मोठ्या अंगणाचं कोकणी घर. शहरातल्या मुलांना ते घर म्हणूनही दाखवण्यासारखं आहे.

पण खरी गंमत तारखांमध्ये आहे. १९०८ मध्ये इंग्रजांनी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा दिली आणि पाठवलं कुठे? मंडालेच्या तुरुंगात. 'गीतारहस्य' तिथेच लिहिलं गेलं. १९१४ मध्ये ते सुटले. म्हणजे त्या सहा वर्षांत रत्नागिरीत जन्मलेला माणूस मंडालेत कैदेत होता आणि मंडालेत जन्मलेला राजा रत्नागिरीत. मुलांना आधी पॅलेस दाखवा, मग हे घर दाखवा आणि मग हे सांगा. शाळेतल्या धड्यापेक्षा जास्त लक्षात राहील.

रत्नदुर्ग या सगळ्यांच्या यादीत असतोच. भगवती देवीचं दर्शन, दीपगृह, तिन्ही बाजूंना समुद्र. दुपारी बारा ते तीन तिथे जाऊ नका, सावली नाही. लांजा तालुक्यातून जाणार असाल तर एवढंच ध्यानात ठेवा की झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंच्या सासरचं नेवाळकर घराणं मूळचं तिथल्या कोट गावचं.

कसब्यात पराभवही सांगा

रत्नागिरीहून हातखंब्याला येऊन महामार्गाने चिपळूणच्या दिशेने निघालात की संगमेश्वर लागतं. शेजारी कसबा. २०२५ मध्ये 'छावा' चित्रपट आला आणि कसब्याचं नाव घरोघरी गेलं. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात राज्य सरकारने इथे छत्रपती संभाजी महाराजांचं मोठं स्मारक करण्याची घोषणा केली.

१ फेब्रुवारी १६८९. मुघल सरदार मुकर्रबखान घाटवाटेने अचानक येऊन धडकला. महाराजांसोबत माणसं थोडी. म्हाळोजी घोरपडे, म्हणजे पुढे गाजलेल्या सेनापती संताजींचे वडील, लढता लढता इथेच पडले. महाराज आणि कवी कलश पकडले गेले. पुढे ११ मार्चला काय झालं ते महाराष्ट्रात कोणाला सांगावं लागत नाही.

इथे आलेली बरीच कुटुंबं महाराजांच्या पुतळ्याला हार घालून निघून जातात. ते योग्यच. पण म्हाळोजींचं नाव पोरांना नक्की सांगा. बाप इथे पडला आणि पोराने पुढे औरंगजेबाच्या फौजांना सळो की पळो केलं. जवळचं कर्णेश्वर मंदिरही बघून घ्या. कोरीव काम इतकं बारीक आहे की आजीआजोबा तिथे बसले तर तासभर उठणार नाहीत. तेवढ्यात बाकीच्यांचा चहा होतो.

किल्ला हर्णैला, स्मारक लंडनला

दुसरा दिवस हाताशी असेल तर दापोली गाठा. समुद्राकडेने जायचं असेल तर जयगड-तवसाळ आणि धोपावे-दाभोळ अशा दोन फेरीबोटी लागतात. गाडी बोटीत चढताना पोरांना जी मजा येते ती कुठल्या वॉटरपार्कमध्ये येत नाही.

हर्णै बंदरासमोर समुद्रात सुवर्णदुर्ग उभा आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, त्यांत रत्नागिरी जिल्ह्यातला हा एकमेव. रायगड, राजगड, सिंधुदुर्ग यांच्या पंगतीला आपला सुवर्णदुर्ग बसला. मच्छीमारांच्या होड्या किल्ल्यावर नेतात. पावसाळ्यात त्या बंद. किल्ल्यावर दुकान नाही, म्हणून पाणी आणि खाऊ सोबत घ्या आणि मोकळ्या बाटल्या परत आणा. दरवाजाच्या पायरीवर कोरलेलं कासव आणि भिंतीतला मारुती पोरांना शोधायला लावा. पायरीवरून चालताना कासव बऱ्याच जणांच्या पायाखालीच जातं आणि दिसत नाही.

या किल्ल्यावर एप्रिल १७५५ मध्ये काय घडलं ते मात्र वाचून जा. किल्ला तुळाजी आंग्र्यांकडे होता. त्यांचं आणि पेशव्यांचं पटत नव्हतं. पेशव्यांनी इंग्रजांना सोबत घेतलं आणि कमोडोर विल्यम जेम्स याने आरमार आणून किल्ल्यावर तोफांचा मारा केला. काही दिवसांत किल्ला पडला. मराठ्यांचा किल्ला मराठ्यांनीच इंग्रजांच्या मदतीने मराठ्यांकडून घेतला, हे सांगायला कोणालाच आवडत नाही. पण पुढच्या वर्षी विजयदुर्गालाही हेच झालं आणि कोकणचं आरमार संपलं. मग समुद्रावर इंग्रजांना अडवणारं कोणी उरलं नाही.

जेम्स श्रीमंत होऊन इंग्लंडला परतला. १७८३ मध्ये तो वारला आणि त्याच्या बायकोने १७८४ मध्ये त्याच्या आठवणीत लंडनजवळच्या शूटर्स हिल टेकडीवर एक तिकोनी मनोरा बांधला. नाव काय ठेवलं? 'सेव्हर्नड्रूग कॅसल'. सुवर्णदुर्ग हा शब्द इंग्रजांच्या तोंडी असा झाला. आजही तो मनोरा उभा आहे. हर्णैच्या कोळ्यांच्या होडीतून जो किल्ला दिसतो, त्याच्या नावाचं युद्धस्मारक लंडनच्या झाडीत आहे.

पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची. या शतकाच्या सुरुवातीला त्या मनोऱ्याची देखभाल तिथल्या पालिकेला झेपेना आणि तो भाड्याने देण्याचं घाटत होतं. तेव्हा आसपासचे रहिवासी एकत्र आले, त्यांनी संस्था काढली, पैसे जमवले आणि २०१४ मध्ये मनोरा लोकांसाठी पुन्हा उघडला. आज गावातलेच स्वयंसेवक तो चालवतात. लंडनला कोणाची मुलं शिकायला किंवा नोकरीला असतील तर त्यांना तिथे जाऊन फोटो पाठवायला सांगा.

हर्णैहून परत दापोलीत या. जुनी माणसं दापोलीला अजून 'कॅम्प' म्हणतात, कारण इंग्रजांच्या काळात इथे लष्करी छावणी होती आणि पेन्शनीत निघालेले शिपाई इथे राहत. त्यांत महार सैनिक मोठ्या संख्येने होते. मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे सुभेदार रामजी सकपाळ, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील, निवृत्तीनंतर इथेच आले. बाबासाहेबांचं लहानपण काही काळ दापोलीत गेलं. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हेही पेन्शनर शिपाई आणि तेही दापोलीतच राहिले. पिढ्यान् पिढ्या फौजेत असलेल्या महारांची भरती इंग्रजांनी १८९० च्या दशकात बंद केली, तेव्हा या पेन्शनरांनी त्याविरुद्ध अर्ज-विनंत्या केल्या. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडू लागली तेव्हा १९१७ मध्ये सरकारला पुन्हा महारांची पलटण उभी करावी लागली. युद्ध संपलं आणि काही वर्षांत ती मोडलीही. आजची महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ मध्ये.

गावातला दगड

आता सगळ्यात जवळची जागा. यासाठी गाडी लागत नाही.

पहिल्या महायुद्धानंतर सरकारने ज्या गावांतून फौजेत जास्त माणसं गेली, अशा गावांत संगमरवराच्या छोट्या फरश्या बसवल्या. कुठे चावडीला, कुठे शाळेच्या भिंतीला, कुठे देवळाजवळ. मजकूर साधारण एकच: १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून इतके पुरुष गेले, त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले. बस्स. सातारा जिल्ह्यातल्या आपशिंगे गावातून गेलेले ४६ जण परत आले नाहीत, आणि ते गाव आज 'आपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखलं जातं. महाड तालुक्यातलं फौजी आंबवडेही तसंच. रत्नागिरी जिल्हा तर तेव्हा भरतीचा मोठा आधार होता. घरटी एक माणूस फौजेत, बोटीवर नाहीतर मुंबईच्या गिरणीत, ही कोकणची जुनीच रीत.

तुमच्या गावात असा दगड आहे का, ते घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा. असेल तर नीट वाचा. आकडे आहेत, नावं नाहीत. 'इतके गेले, इतके आले नाहीत.' कोण, ते लिहिलेलंच नाही.

हे फक्त गावात झालं असं नाही. आपल्याकडची खूपशी माणसं गेली ती मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. कुत नावाच्या गावात इंग्रजांची फौज डिसेंबर १९१५ पासून वेढ्यात अडकली. त्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. दाणागोटा संपत आला. घोडे कापून खायची वेळ आली, तेव्हा कित्येक हिंदी शिपायांनी धर्म बुडेल म्हणून आधी नकार दिला आणि ते उपाशी राहिले. २९ एप्रिल १९१६ रोजी फौज शरण गेली. त्यानंतर कैदेतल्या वाटचालीत आणि आजारात किती मेले, त्याची मोजदाद लढाईतल्या मेलेल्यांपेक्षा वाईट आहे.

ज्यांची कबर सापडली नाही अशा ४० हजारांहून अधिक माणसांसाठी बसऱ्याला मोठं स्मारक बांधलं गेलं. त्यावर गोऱ्या शिपायांची नावं आहेत. हिंदी अधिकाऱ्यांचीही आहेत. हिंदी साध्या शिपायांचे मात्र पलटणीनुसार फक्त आकडे कोरले. म्हणजे रत्नागिरीचा शेतकऱ्याचा मुलगा बसऱ्यालाही आकडा आणि गावच्या चावडीतही आकडाच. ही स्मारकं सांभाळणारी संस्था म्हणजे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन. अशी असमान वागणूक झाली, हे तिने एप्रिल २०२१ मध्ये स्वतःच्या अहवालात कबूल केलं आणि माफी मागितली.

पण नावं हरवलेली नाहीत. ती तेव्हा वह्यांमध्ये लिहिली गेली होती आणि आज त्याच संस्थेच्या वेबसाईटवर फुकट बघता येतात. मोबाईल पुरतो. गूगलवर इंग्रजीत 'सीडब्ल्यूजीसी' ही चार अक्षरं टाका आणि युद्धात मेलेल्यांचा शोध घ्यायचं पान उघडा. तिथे आडनावाचा, पलटणीचा आणि जादा माहितीचा असे रकाने आहेत. जादा माहितीच्या रकान्यात 'रत्नागिरी' इंग्रजीत लिहून शोधा. अनेक शिपायांच्या नावापुढे वडिलांचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हा लिहिलेला असतो.

अडचण एकच, स्पेलिंगची. गोऱ्या कारकुनाने कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलं. गावाचं नाव आज लिहितो तसं सापडेलच असं नाही. सुवर्णदुर्गचं सेव्हर्नड्रूग करणारी हीच मंडळी. आडनावांचंही तेच आणि बऱ्याच ठिकाणी आडनाव नसतंच, फक्त नाव आणि बापाचं नाव. म्हणून तालुक्याच्या नावाने शोधा, दोन-चार प्रकारे लिहून बघा. हे काम कॉलेजातल्या पोरांना द्या. रात्री जेवणं झाल्यावर सगळे अंगणात बसलेले असताना आजी गावांची आणि घराण्यांची जुनी नावं सांगेल आणि नातू स्पेलिंग जुळवेल. एकट्याने बसून हे होत नाही.

ज्यांच्या घरातली माणसं बोटीवर होती, म्हणजे खारवी, भंडारी, दालदी, कोकणी मुसलमान अशी कितीतरी घरं, त्यांच्यासाठी वेगळी जागा आहे. मुंबईत मशीद बंदरला इंडियन सेलर्स होम आहे. पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या २ हजारांहून अधिक खलाशांचं स्मारक तिथे आहे. दुसऱ्या महायुद्धात बुडालेल्या बोटींवरच्या ६ हजारांहून अधिक खलाशांच्या नावांची वहीही तिथेच आहे. ते पर्यटनाचं ठिकाण नाही, खलाशांची राहायची जागा आहे. म्हणून आधी परवानगी घेऊन जावं. ही नावंही त्याच वेबसाईटवर शोधता येतात.

गावातल्या दगडाविषयी दोन कामाच्या गोष्टी. अक्षरं पुसट झाली असतील तर सकाळी किंवा संध्याकाळी तिरपा उजेड असताना फोटो काढा, किंवा अंधारात बॅटरी बाजूने धरा. खोदलेली अक्षरं लगेच उठून दिसतात. खडूने, तेलाने किंवा ऑईलपेंटने अक्षरं भरू नका. संगमरवर रंग पितो आणि दगड कायमचा जातो. दुसरं, शाळेची किंवा चावडीची जुनी इमारत पाडायची असेल, तर फरशी सांभाळून काढणं आणि नव्या भिंतीत परत बसवणं हे काम आधीच अंदाजपत्रकात लिहून घ्या. ग्रामसभेच्या ठरावात एक ओळ टाकायला काही खर्च नाही. मलब्यात गेलेला दगड परत मिळत नाही आणि सरकार दुसरा देणार नाही.

मुंबईला परतताना माणगाव

सुट्टी संपवून मुंबईकर महामार्गाने निघाले की माणगावात गाडी अडकतेच. सगळे वैतागतात. त्या वेळात तहसील कार्यालयाजवळचा पुतळा बघून घ्या. नाईक यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस. गाव पळसगाव, तालुका माणगाव.

१० जुलै १९४४. इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात मराठा पलटणीची तुकडी पुढे सरकत होती. जवळूनच मशीनगनचा मारा सुरू झाला आणि घाडगे सोडून तुकडीतले सगळे पडले, कोणी मेले, कोणी जखमी. घाडगे एकटे त्या मशीनगनवर धावून गेले. हातबाँब टाकून ती गप्प केली, एकाला गोळी घातली. बंदुकीत पुन्हा गोळ्या भरायला वेळ नव्हता, तेव्हा उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने लोळवलं. लपून बसलेल्या शत्रूच्या गोळ्यांनी ते तिथेच पडले. वय २२. त्यांचा देह मिळाला नाही. इटलीतल्या कसीनोच्या स्मारकावर त्यांचं नाव आहे. जुलै २०२३ मध्ये मोन्तोने या इटलीतल्या गावाने त्यांच्या स्मरणार्थ एक सूर्यघड्याळ उभारलं.

माणगावच्या पुतळ्यासमोरून रोज कागदपत्रांसाठी माणसं ये-जा करत असतात. गाडी कडेला लावा, पोरांना खाली उतरवा. दहा मिनिटं पुरतात. तेवढ्यात पुढचा ट्रॅफिकही थोडा सुटतो.